दोष लिदीचा नाही, घाईचा



'घोड्याच्या लिदीने जमीन जळते' हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. जिथे पाऊस भरपूर, तिथे लीद लवकर कुजते. आमच्या कुर्डुवाडीकडे पाऊस बेताचा, कोरड्या रानात ती तशीच पडून राहते. शिवाय घोडा रवंथ करत नाही, त्यामुळे लिदीत गवताचे बी बरेचसे शाबूत उतरते. मी एकदा कच्ची लीद ज्वारीच्या रानात टाकली, तर तणच माजले. पुढच्या वर्षी पाणी मारून ढीग कुजवला. आठवड्याने आत हात घातला, तो चटका बसून मागे आला! त्याच उष्णतेने बी मरते. चार महिन्यांनी काळेभोर, भुसभुशीत खत निघाले, वास ओल्या मातीचा. शेतकरी बांधवांनो, लीद फेकू नका. कुजवूनच रानात घाला.

— एक शेतकरी वाचक, कुर्डुवाडी (जि. सोलापूर)