आख्यान कोण लावणार?

ज्या गोष्टीकडे आपण चळवळीतल्या बाया ढुंकूनही पाहत नाही, तिच्याबद्दल मला भांडायचं आहे. संगणकावरचे खेळ. आणि तेही नुसते खेळायचे नव्हे, रचायचे.

मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात आमचा किशोरी गट आहे. 14 ते 18 वयाच्या अकरा मुली. बहुतेकींच्या आया मासे विकतात. गेली दोन वर्षं शनिवार-रविवारी या मुली एका जुन्या संगणकासमोर बसून ‘नेव्हरविंटर नाइट्स’ नावाच्या खेळासाठी नवी कथानकं तयार करतात. संस्थांच्या एका बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाल्या, “अगं, मुलगे मोबाइलपायी वाया गेले म्हणून आपण बोंब मारतो, आणि तू मुलींनाही त्याच नादाला लावतेस?” दुसरीनं विचारलं, “यातून रोजगार काय मिळणार?” तिसरीचा प्रश्न नेहमीचाच, “संदेश काय?” तिघींनाही उत्तर देईन. पण आधी ही चीज काय आहे ते सांगते, कारण न बघताच नाक मुरडणाऱ्या आपल्यात फार आहेत.

हा खेळ कॅनडातल्या बायोवेअर कंपनीनं 2002 साली काढला. तलवारी, चेटूक, भुयारं, राक्षस असा सगळा मामला. त्याचे नियम ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकेत 1974 साली निघालेल्या खेळाचे. तो टेबलाभोवती बसून खेळतात: एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. बायोवेअरनं तो संगणकावर आणताना स्वतःची गोष्ट तर दिलीच, पण गोष्ट रचायची हत्यारंही त्याच डब्यात घालून दिली. त्यांचं नाव ऑरोरा टूलसेट. ती वापरून जगभरच्या हौशी लोकांनी हजारो नवी साहसं रचली आणि एकमेकांना फुकट वाटली. अशा एका साहसाला मॉड्यूल म्हणतात.

मॉड्यूल म्हणजे काय हे आमच्या मुलींना समजवायला फार वेळ लागला नाही. सिंधुदुर्गात जन्मलेलीला दशावतार माहीत असतो. जत्रेत आधी संकासुराचा पूर्वरंग, तो ठरलेला. मग आख्यान. त्याला लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं, कोणी काय व्हायचं हे आत रंगपटात ठरतं आणि बोलणी रंगमंचावर जागच्या जागी सुचतात. खेळाचे नियम म्हणजे पूर्वरंग आणि मॉड्यूल म्हणजे आख्यान, एवढं सांगितलं आणि मुलींनी शब्दच बदलून टाकला. आमच्याकडे ‘मॉड्यूल’ कोणी म्हणत नाही.

पण मैत्रिणींनो, त्या रंगपटात कोण असतं? पुरुष. द्रौपदी पुरुष, तारामती पुरुष. तिनं कधी रडायचं आणि कधी शाप द्यायचा हे ठरवणाराही पुरुष. अलीकडे कुठे कुठे बायांनीही दशावतार केला आहे, त्याचं कौतुकच आहे. आमच्या गावच्या जत्रेत मात्र बाया अजून समोर चटईवर पहाटेपर्यंत बसून बघतात.

संगणकाच्या खेळांची गोष्ट वेगळी नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या 1978 सालच्या नियमपुस्तकात स्त्रीपात्राच्या शारीरिक बळाला पुरुषापेक्षा कमी मर्यादा छापलेली होती. ड्रॅगन आग ओकतो, मेलेली माणसं उठून चालतात, हे त्या लेखकांना सहज पटत होतं; बाई पुरुषाइतकी बळकट असणं तेवढं पटलं नाही! ही अट 1989 सालच्या आवृत्तीत गेली. त्याच कंपनीनं, टीएसआरनं, 1979 साली जीन वेल्स यांना घेतलं, खेळ रचणारी तिथली पहिली बाई. त्यांनी लिहिलेलं ‘पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस’ हे साहस 1981 साली छापून झालं आणि कंपनीनं ते परत मागवून बहुतेक प्रती नष्ट केल्या. वाद मुख्यतः आतल्या चित्रांवरून झाला. चित्रं काढली होती दुसऱ्यांनी. पण नव्यानं लिहिला गेला तो वेल्सबाईंचा मजकूर, आणि तो लिहिला एका पुरुष सहकाऱ्यानं.

आता अगदी आमच्या मुलींच्या हातातल्या हत्याराचंच बघा. नेव्हरविंटरचं जे इंजिन, त्यात पुष्कळ फेरफार करून पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीनं 2007 साली ‘द विचर’ हा खेळ काढला. त्यात नायक एखाद्या बाईबरोबर झोपला की खेळणाऱ्याला बक्षीस म्हणून तिच्या चित्राचं पत्त्यासारखं एक कार्ड मिळतं. अशी कार्डं जमवायची! सुतार वेगळा असता तर याच रंध्यातून, याच करवतीतून दुसरं काही निघालं नसतं का? म्हणूनच मी म्हणते की नुसतं “हे खेळ बायांना वस्तू समजतात” असा निषेध करून आपलं काम संपत नाही.

मुली नेमकं करतात काय? आधी जागा मांडतात. फरशा जुळवाव्यात तसे जमिनीचे तुकडे जोडायचे. खेळात युरोपातले किल्ले, जंगलं, तळघरं भरपूर. आमचं मांगर, खळं, माडाची बाग कुठली असायला? गवताळ गावाचा तुकडा घेऊन मुली त्यालाच आपला वाडा म्हणतात. आख्यान कुठून सुरू होणार ती जागा ठरवावीच लागते, नाहीतर संगणक पुढे सरकू देत नाही. पहिल्या आख्यानाच्या वेळी यावर दोन शनिवार वाद चालला. बंदरावर सुरू करायचं असं काहींचं म्हणणं. शेवटी मागीलदार ठरलं, कारण आमच्या मुली घराबाहेर पडतात त्या बहुतेक वेळा तिथूनच.

मग माणसं. प्रत्येक पात्राला एका गटात घालावं लागतं. तयार गट चार: शत्रू, सामान्य जन, व्यापारी, रक्षक. बंदरावर दिवसभर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींवर नजर ठेवणारा काका कुठल्या गटात? शत्रूत घातला तर दिसताक्षणी अंगावर धावून येतो. तसं तर तो कधीच करत नाही. सामान्यांत घातला तर निरुपद्रवी ठरतो. मुलींनी पाचवा गट काढला आणि त्याला नाव दिलं ‘गावकी’. कुठल्या गटाचं कोणाशी किती सख्य हे 0 ते 100 या आकड्यात लिहायचं असतं. गावकीचा आकडा ठरवताना जी भांडणं झाली, ती माझ्या एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांतल्या कुठल्याही गटचर्चेत मी ऐकली नव्हती. एक मुलगी म्हणाली, सकाळचा आकडा वेगळा, सातनंतरचा वेगळा.

संवाद हा सगळ्यात मोठा भाग. पात्र एक ओळ बोलतं, त्याखाली खेळणाऱ्यानं निवडायची उत्तरं लिहायची, प्रत्येक उत्तराला पुन्हा फांद्या. नायिका आजारी आईची टोपली घेऊन मालवणच्या बाजारात निघाली आहे, वाटेत भाऊ विचारतो, “खंय चललंस?” एकीनं उत्तरं लिहिली: “बाजारात.” “आवशीन धाडल्यान.” दुसरीनं वाचलं आणि म्हणाली, “ताई, ह्यात ‘तुका कित्याक सांगू?’ ही ओळच नाय.” ओळ घातली. मग प्रश्न आला अटीचा. कुठलंही उत्तर अमुक परिस्थितीतच दिसावं अशी अट घालता येते. अर्ध्या मुलींचं म्हणणं, मासे विकून पैसे हातात आले असतील तरच ही ओळ दिसावी, “पैसे हातात असले तरच असा बोलाक येता.” उरलेल्या म्हणाल्या, ओळ कायम दिसली पाहिजे, बोलायचं की नाही ते ती ठरवेल. शेवटी ओळ कायम ठेवली, पण पैशाप्रमाणे भावाचं वागणं बदलतं. स्त्रीचं आर्थिक स्वावलंबन यावर मी आजवर दहा-बारा शिबिरं घेतली असतील. या एका अटीवर मुली जेवढ्या बोलल्या तेवढं त्या शिबिरांत कोणी बोललेलं मला आठवत नाही.

भाषेचा त्रास निराळाच. या खेळात देवनागरी उमटत नाही. मुली मालवणी रोमन अक्षरांत लिहितात. खेळणारा पुरुष की स्त्री हे पाहून एखादा शब्द आपोआप बदलायची सोय आहे: भाऊ की बहीण, सर की मॅडम. इंग्रजीला ती पुरते. आमच्याकडे क्रियापदच बदलतं. त्यातून मालवणीत ‘तो झील इलो’, ‘ती बाईल इली’, पण ‘ता चेडू इला’. मुलगी नपुंसकलिंगी! संगणकाकडे तिसरा रकानाच नाही. मुलींनी ठरवलं, कोणीही खेळो, त्याला चेडू म्हणूनच बोलायचं. एकीचा भाऊ हौसेनं खेळायला बसला आणि तिसऱ्या ओळीलाच चिडला, “माका असा कित्याक बोलता?” त्यावर उत्तर द्यायची कोणाला गरज वाटली नाही.

आणि एक बारकी गोष्ट, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. या खेळात कोणाला मारलं की अनुभवाचे गुण आपोआप मिळतात. समजूत घालून, वाट काढून, कोणाला सोबत करून काही साधलं, तर गुण आपोआप मिळत नाहीत. रचणारीला ते मुद्दाम लिहून द्यावे लागतात. मुलींनी मारण्याचे गुण शून्यावर आणले. मग गुण कशाचे द्यायचे याची यादी केली. त्यात ‘शेवटची एसटी चुकली तरी घाबरली नाही’ याला सर्वांत जास्त गुण आहेत.

आता संदेशाचं. अनुदान देणाऱ्या एका संस्थेचे अधिकारी येऊन हे आख्यान खेळून गेले. त्यांना आवडलं, पण शेवटी हेल्पलाइनचा नंबर आणि बालविवाहाविरुद्ध एक घोषणा हवी होती. तीन शेवटांपैकी एकात मुलगी उशिरा घरी येते आणि काहीही होत नाही: आई म्हणते, जेव. हा शेवट वास्तवाला धरून नाही, तो काढा, असं त्यांनी सुचवलं. मुलींनी नकार दिला, अनुदान गेलं. मी विचारते, आपल्या मुलींनी कल्पना केली की त्यात संकट आणि सुटका एवढंच असलं पाहिजे, हे कोणी ठरवलं? खेळातून प्रबोधन करू नये असं मी म्हणत नाही. मुलींच्या विक्रीवर कोलकात्याच्या लीना केजरीवाल यांनी 2016 साली ‘मिसिंग’ हा खेळ काढला, त्याबद्दल मला आदरच आहे. पण तिथे मुली खेळणाऱ्या आहेत, रचणाऱ्या दुसऱ्या. 1983 साली ज्योती म्हापसेकरांनी ‘मुलगी झाली हो’ लिहिलं आणि स्त्री मुक्ती संघटनेच्या बाया ते घेऊन गावोगाव फिरल्या, तेव्हा त्यांना संहिता कोणी मंजूर करून दिली नव्हती.

रोजगाराचं उत्तर थोडक्यात. शिवणयंत्रं वाटताना आपण हा प्रश्न इतक्या कडकपणे विचारला असता तर गावोगाव धूळ खात पडलेली यंत्रं दिसली नसती. या मुलींपैकी दोघी आता खेळातल्या घटना घडवण्यासाठी लागणारे छोटे प्रोग्रॅम स्वतः लिहितात.

आणि वाया जाण्याचं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत दर 100 बायांपैकी 33 जणींनी कधीतरी इंटरनेट वापरलेलं आढळलं, पुरुषांत 57. आमच्या बंदरावर रात्री अकरापर्यंत मुलगे मोबाइलवर गोळ्या झाडत बसतात. मुलीच्या हातात फोन येतो तो भावाचा, अर्धा तास, आईच्या नजरेसमोर. जिला वाया जायला वेळच मिळालेला नाही तिच्या बिघडण्याची काळजी आपण का करतो आहोत? मुलीच्या मोकळ्या वेळाला ‘सदुपयोग’ जोडल्याशिवाय आपल्यालाही चैन पडत नाही. हे सासू म्हणाली तर आपण तिला परंपरावादी म्हणतो.

सध्या दुसरं आख्यान चालू आहे. त्यात नायिकेची आई रापणीच्या वाट्यात स्वतःचं नाव मागायला बैठकीत जाते. बैठकीत बाईनं बोलायची ओळ कुठल्या अटीवर दिसावी, यावर मुली गेले तीन आठवडे अडून बसल्या आहेत. संगणक एकच आहे आणि पावसात वीज गेली की तोही बंद. कुठल्या गटाकडे विंडोजवर चालणारे जुने संगणक पडून असतील तर कळवा, एसटीनं येऊन आम्ही ते घेऊन जाऊ. आणि मुलींनी आधीच सांगून ठेवलंय, संगणक दिलात म्हणून आख्यानात तुमची घोषणा घातली जाणार नाही.