डब्यातले सूप आणि घरचे कढण

सभासद बंधूंनो, १०:२६:२६ हे आकडे वाचल्याखेरीज आपण खताचे पोते उचलत नाही. खाण्याच्या डब्यावरचे आकडे मात्र कोण वाचतो?

परवा एका सभासदाकडे लागण बघायला गेलो होतो. म्हातारी नुकतीच दवाखान्यातून आलेली, रक्तदाब वाढलेला. आणि पोराने शहरातून मलईदार सूपचे डबे आणलेले. ताकद येते म्हणे! आम्ही डबा फिरवून पाहिला. वाटीमागे ८०० मिलिग्रॅम सोडियम. त्याला अडीचने गुणा, मीठ निघते २ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आणि भाकरी-कालवण तर अजून व्हायचेच. दाटपणा म्हणाल तर बराचसा पिठाचा, वर मलईची चरबी.

डबाबंद म्हणजे विष, असे आम्ही म्हणत नाही. हवाबंद करून तापवलेला माल टिकतो, ती सोयच आहे. पण त्यातले मीठ काढता येत नाही. घरच्या मुगाच्या कढणात ते आपल्या हाताने पडते. हात सैल सुटला तर तिथेही तीच गत, हे कबूल.

म्हातारीला त्या दिवशी कढणच झाले. पोरगं जरा नाराज दिसलं. डबे अजून फडताळात आहेत.