डेटा देशात आहे, पण शेजाऱ्यापासून सुरक्षित आहे का?

नवी मुंबईतला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा एकेकाळी रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखला जाई. आता ऐरोली, रबाळे, महापे परिसरात डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. पनवेलमध्ये २०२० साली योट्टा कंपनीचे ‘एनएम-१’ सुरू झाले. मुंबईच्या किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्राखालच्या केबल आणि बँकांची मुख्यालये जवळ असल्याने हा उद्योग इथे रुजला. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटची माहिती भारतातच साठवण्याचे बंधन घातले. माहिती कोणत्या देशात ठेवायची, यावर तेव्हापासून बरीच चर्चा झाली. पण त्या इमारतीतल्या एकाच सर्व्हरवर आपला शेजारी कोण आणि मधली भिंत किती पक्की, हा प्रश्न मागेच राहिला.

भिंत असूनही दुसरी वाट

क्लाउड सेवेत एक सर्व्हर अनेक ग्राहकांत वाटला जातो. प्रत्येकाला एक ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणजे आभासी संगणक मिळतो. ही वाटणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर म्हणतात. एका आभासी संगणकातला प्रोग्राम दुसऱ्याच्या मेमरीत डोकावू लागला, तर प्रोसेसर त्याला अडवतो.

पण मेमरीकडे जाणारी वाट केवळ प्रोसेसरमधून जात नाही. नेटवर्क कार्ड, डिस्क आणि ग्राफिक्स चिप ही उपकरणे मेमरीत थेट लिहितात आणि तिथून थेट वाचतात. याला ‘डायरेक्ट मेमरी ॲक्सेस’ किंवा डीएमए म्हणतात. ही सोय नसती तर प्रोसेसरचा बराच वेळ नुसत्या ने-आणीत गेला असता.

वाशीच्या एपीएमसी बाजाराचे उदाहरण घेता येईल. हमाल चिठ्ठीवरचा क्रमांक वाचून त्या गाळ्यात पोते टाकतो. तो गाळा चिठ्ठी लिहिणाऱ्याचाच आहे का, हे तपासणे त्याचे काम नव्हे. उपकरणही असेच दिलेल्या पत्त्यावर जाते. पूर्वीच्या पद्धतीत ही चिठ्ठी हायपरवायझर लिहीत असे. ते सुरक्षित होते, पण संथ होते. वेग हवा म्हणून उपकरण थेट ग्राहकाच्या आभासी संगणकाला जोडले जाऊ लागले आणि चिठ्ठी ग्राहकाच्या हाती गेली. त्याने चुकून किंवा मुद्दाम दुसऱ्याचा क्रमांक लिहिला, तर शेजाऱ्याची मेमरी वाचता येईल. हायपरवायझरचीच मेमरी बदलता आली, तर अख्खा सर्व्हर हाती येईल.

दारावरचा कारकून

यावरचा उपाय म्हणजे ‘आयओएमएमयू’ हा हार्डवेअरचा भाग. इंटेलमध्ये त्याला व्हीटी-डी म्हणतात, एएमडीमध्ये एएमडी-व्हीआय. उपकरण आणि मेमरी यांच्यामध्ये बसून तो प्रत्येक चिठ्ठी तपासतो. प्रत्येक उपकरणासाठी त्याच्याकडे वेगळा तक्ता असतो. मेमरीची पाने साधारणतः ४ केबीची असतात, आणि त्यातली कोणती पाने त्या उपकरणाला खुली आहेत, हे तक्त्यात लिहिलेले असते. तक्त्यात नसलेला पत्ता आला की वाट बंद होते आणि बिघाडाची नोंद होते. लिनक्समध्ये २०१२ पासून ‘व्हीएफआयओ’ ही व्यवस्था याच कारकुनाच्या भरवशावर उपकरणे आभासी संगणकांना देते.

मात्र कारकून नेमला म्हणजे काम संपले, असे नाही. एकाच जोडणीवरची दोन उपकरणे त्याच्यापर्यंत न जाता आपापसांत बोलू शकतात. म्हणून असा गट एकाच ग्राहकाला द्यावा लागतो. उपकरणे प्रोसेसरला ‘इंटरप्ट’ नावाचे संदेशही पाठवतात. अशा बनावट संदेशांतून हल्ला करता येतो, हे राफाल वोज्तचुक आणि जोआना रुत्कोव्स्का यांनी २०११ मध्ये दाखवले. त्यावरचे संरक्षण हार्डवेअरमध्ये नसेल, तर व्हीएफआयओ उपकरण देण्यास नकार देते. पण हा नकार डावलणारी, नावातच ‘असुरक्षित’ असे म्हणणारी एक कळ त्यात आहे आणि ती दाबणे सर्व्हर चालवणाऱ्याच्या हाती असते. केंब्रिज व राइस विद्यापीठे आणि एसआरआय इंटरनॅशनल यांच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ‘थंडरक्लॅप’ हा अभ्यास मांडला. तो घरगुती संगणकांविषयी होता, पण त्यातला धडा सर्वत्र लागू पडतो. हार्डवेअरमध्ये कारकून होता. काही प्रणालींत तो मुळात कामालाच लावलेला नव्हता, तर काहींत तो ढिला होता.

आताच का?

हा प्रश्न आज महत्त्वाचा ठरतो तो कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये दहा हजार कोटींहून अधिक रुपयांच्या ‘इंडिया-एआय’ मोहिमेला मंजुरी दिली. त्याच वर्षी पनवेलच्या केंद्रात एनव्हिडियाच्या एच-१०० चिप येऊ लागल्या. अशा महागड्या चिप भाड्याने देताना वेगासाठी त्या बहुधा थेट ग्राहकाच्या आभासी संगणकाला जोडतात. आज ज्या चिपवर कोणी रुग्णांचे सीटी स्कॅन तपासले, तीच उद्या दुसऱ्याकडे जाऊ शकते. त्यामुळे दारावरच्या तपासणीइतकेच महत्त्व भाडेकरू बदलताना चिपची स्वतःची मेमरी पुसण्यालाही आहे.

कायदा इथे सर्वसाधारण शब्दांत बोलतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार ‘वाजवी सुरक्षा उपाय’ न योजणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. काम बाहेर दिले तरी जबाबदारी बँकेचीच, असे रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या निर्देशांत स्पष्ट आहे. ‘वाजवी’ म्हणजे नेमके काय, हे सेवा विकत घेणाऱ्याने करारातच ठरवून घेतले पाहिजे. उपकरणे थेट दिली जातात का? आयओएमएमयू आणि इंटरप्टचे संरक्षण सर्व सर्व्हरवर चालू आहे का? बिघाडाच्या नोंदी कोणी रोज पाहते का? ग्राहक बदलताना चिप कशी पुसतात? रुग्णालय, सहकारी बँक किंवा महापालिका यांपैकी कोणीही हे लेखी विचारू शकते. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही.

एक मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. हा कारकून एका भाडेकरूला दुसऱ्यापासून आणि मालकाला भाडेकरूपासून वाचवतो. मालकापासून भाडेकरूला वाचवणे त्याच्या आवाक्यात नाही. त्यासाठी मेमरीच कूटबद्ध ठेवणारी ‘कॉन्फिडेन्शियल कॉम्प्युटिंग’ ही वेगळी पद्धत आहे. एएमडी आणि इंटेलचे काही प्रोसेसर ती देतात, एच-१०० मध्येही तिची सोय आहे. ती मागून घ्यावी लागते आणि माहिती खरोखरच संवेदनशील असेल, तर मागण्याजोगी आहे.