आरोग्यविचार : यंत्राने मोजलेला हात



ज्याला आपण घरात लकवा किंवा पॅरालिसिसचा झटका म्हणतो, त्या पक्षाघाताची पहिली तपासणी रुग्णालयात नव्हे, घरातच होते. चेहरा एका बाजूला ओघळला आहे का, दोन्ही हात वर उचलून धरता येतात का आणि बोलणे अडखळते आहे का, एवढेच पाहायचे असते. यांपैकी एक जरी खूण दिसली तरी ब्रिटनमध्ये तत्काळ ९९९ क्रमांकावर फोन करावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ब्रिटनमधील दक्षिण आशियाई लोकांना हा आजार गोऱ्या लोकांच्या तुलनेने कमी वयात गाठतो. उच्च रक्तदाब आणि मधुमेह ही त्यामागची मोठी कारणे आहेत आणि ती आपल्या बहुतेक घरांच्या ओळखीची आहेत.

जीव वाचल्यानंतर मात्र दुसरा, दीर्घ प्रश्न उभा राहतो. हात पुन्हा चालेल का? महिन्यापूर्वीपेक्षा आज तो खरोखर सुधारला आहे, की आपल्याला तसे वाटते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आता रोबोची मदत घेतली जाते. त्याच रोबोच्या नावाने महागडे उपचारही विकले जातात, इथे आणि भारतातील मोठ्या शहरांतही. मोजणारा रोबो आणि बरा करणारा रोबो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचे सामर्थ्य बऱ्यापैकी सिद्ध झाले आहे. दुसऱ्याचे तितके नाही. हा भेद ज्या कुटुंबाला कळतो, त्याचा पैसा, वेळ आणि आशा योग्य ठिकाणी खर्च होतात.

प्रथम जुनी पद्धत पाहू. १९७५ साली स्वीडनमध्ये अ‍ॅक्सेल फुगल-मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. जगभरातील फिजिओथेरपिस्ट आजही ती वापरतात. पक्षाघातानंतर स्नायू एकमेकांशी बांधल्यासारखे वागतात. खांदा उचलायला जावे तर कोपर आपोआप दुमडते. ही बांधणी किती सुटली, हे ती पट्टी तपासते. हातासाठी ३३ बाबी आहेत. मुळीच न जमल्यास ०, अंशतः जमल्यास १ आणि पूर्ण जमल्यास २ गुण, म्हणजे एकूण ६६. ही पद्धत स्वस्त आहे, तिला वीज लागत नाही आणि ती पुरेशी विश्वासार्हही आहे. परंतु जेमतेम हललेल्या हाताला १ गुण मिळतो आणि थोडक्यात हुकलेल्या हातालाही १ च. दोन तपासनीसांच्या नजरेतही थोडा फरक पडू शकतो. शिवाय शरीर मोठे हुशार असते. हात पुढे जात नसेल तर रुग्ण नकळत कमरेतून वाकतो आणि पेल्यापर्यंत पोहोचतो. पाहणाऱ्या घरच्या माणसांना हात सुधारल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात पाठीने हाताचे काम केलेले असते.

आता यंत्राकडे वळू. रोबो म्हटले की डोळ्यांपुढे माणसासारखी आकृती येते. हा तसा नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जो रोबो घडवला, तो टेबलावर सरकणाऱ्या एका यांत्रिक बाहूसारखा आहे. त्याचे नाव एमआयटी-मानुस. लॅटिन भाषेत मानुस म्हणजे हात. मराठी कानाला मात्र त्यात माणूस ऐकू येतो, आणि तेही वावगे नाही. रुग्णाला पट्ट्याने खुर्चीला बांधून बसवतात, म्हणजे कमरेतून वाकण्याची पळवाट बंद होते. हात आधारावर ठेवून मूठ धरायला देतात. समोरच्या पडद्यावर मध्यभागी एक ठिपका आणि भोवती आठ ठिपके असतात. मधल्या ठिपक्यापासून एकेका ठिपक्यापर्यंत जाऊन परत यायचे, एवढेच काम. या यंत्राची खुबी अशी की मोजणी चालू असताना ते हाताला अडवत नाही आणि ओढतही नाही. हात जिकडे जाईल तिकडे हलकेच सोबत जाते. हाताची जागा आणि वेग ते सेकंदाला अनेक वेळा नोंदवत राहते.

या नोंदींतून डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी हाती येतात. निरोगी हात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना जवळजवळ सरळ रेषेत जातो आणि त्याच्या वेगाच्या आलेखावर एकच गुळगुळीत उंचवटा असतो. पक्षाघातानंतरचा हात गर्दीच्या वेळच्या बससारखा जातो : निघाला, थांबला, पुन्हा धक्का खाऊन निघाला. त्याच्या आलेखात अनेक लहान उंचवटे दिसतात. २००२ साली एमआयटी-मानुसवर घेतलेल्या नोंदींच्या आधारे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की सुधारणा होत जाते तसतसे हे तुकडे एकमेकांत मिसळतात आणि हालचाल सलग होत जाते. म्हणजे गुणपत्रिकेवर १ चा २ होण्याआधीच मेंदूने काही नवे शिकल्याची खूण यंत्राला दिसू शकते.

कॅनडातील किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठात स्टीफन स्कॉट यांनी विकसित केलेला किनार्म हा रोबो आणखी एक गोष्ट तपासतो. हात दिसणार नाही अशी व्यवस्था करून यंत्र रुग्णाचा बाधित हात एखाद्या जागी नेऊन ठेवते आणि दुसरा हात आरशातल्या प्रतिमेप्रमाणे तशाच जागी नेण्यास सांगते. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळते. ही जाणीव पक्षाघातानंतर अनेकांची हरवते. अशी व्यक्ती हात हलवू शकते, पण नजर दुसरीकडे वळली की पेला निसटतो. घरात मग बोलणी बसतात : "आई लक्षच देत नाही." खरे तर लक्षाचा प्रश्नच नसतो, हाताचा पत्ताच मेंदूला ठाऊक नसतो. अशा वेळी एक अचूक मोजमाप घरातला अन्याय थांबवू शकते.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील बर्क रुग्णालय आणि स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील २०८ रुग्णांचे हात पक्षाघातानंतर ७, १४, २१, ३० आणि ९० व्या दिवशी रोबोने मोजले गेले. यंत्राची मापे नेहमीच्या मोजपट्ट्यांशी जुळली आणि सूक्ष्म बदल टिपण्यात ती अधिक तीक्ष्ण ठरली. याचा एक लाभ असा की नवे औषध परिणामकारक आहे का, हे तुलनेने कमी रुग्णांवर पडताळता येईल.

उपचाराच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. २०१० साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १२७ रुग्णांवर झालेल्या चाचणीत १२ आठवड्यांच्या रोबो-उपचाराने नेहमीच्या उपचारापेक्षा लक्षणीय अधिक सुधारणा दिसली नाही. ३६ आठवड्यांनंतर थोडा फायदा दिसला, पण माणसाने तितक्याच जोमाने करून घेतलेल्या व्यायामापेक्षा तो सरस नव्हता. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या रॅटल्स या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०१९ साली आला : नेहमीच्या उपचाराच्या तुलनेत रोबोमुळे हाताची कार्यक्षमता वाढली नाही. म्हणूनच इथल्या नाइस या संस्थेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत हातासाठी रोबो-उपचार देऊ नये असे म्हटले आहे. तीच मार्गदर्शिका गरजेनुसार आठवड्यातून किमान ५ दिवस, दररोज किमान ३ तास पुनर्वसन मिळावे असेही सांगते. आग्रह धरायचाच तर तो या तासांचा धरावा.

यंत्राच्या मोजमापालाही मर्यादा आहेत. टेबलावर टेकलेला हात स्वतःचे वजन उचलत नाही. ठिपक्यापर्यंत पोहोचणे म्हणजे भाकरी थापणे नव्हे, साडीच्या निऱ्या घालणे नव्हे, पेनाने सही करणे नव्हे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हात काय करू शकतो हे यंत्र सांगते. घरी तो काय करतो हे सांगत नाही. चाचणीत उत्तम हललेला हात घरी दिवसभर मांडीवर पडून राहिल्याची उदाहरणे कमी नाहीत. यात आपल्या प्रेमाचाही वाटा असतो. मुलगा पाणी आणून देतो, सून घास भरवते, नातवंडे बटणे लावून देतात. सेवा मनापासून असते, पण हाताला कामच उरत नाही. न वापरलेला हात मेंदू हळूहळू हिशेबातून वगळतो.

घरी काय करावे? एक वही ठेवावी. प्रत्येक मोजमापाची तारीख, मोजपट्टीचे नाव आणि गुण तीत लिहावेत. फुगल-मायरमध्ये एखाद्या गुणाची चढउतार झाली तर हुरळू नये आणि खचूही नये. जुन्या पक्षाघातात साधारण ४ ते ७ गुणांची वाढ अर्थपूर्ण मानली जाते. त्याच वहीत घरच्या कामांची नोंदही असावी : आज चहाचा कप कोणत्या हाताने धरला, केस कोणत्या हाताने विंचरले.

आई-वडिलांना इंग्रजी सफाईने येत नसेल तर तपासणीसाठी मराठी दुभाष्या मागावा. एनएचएसमध्ये तो विनामूल्य मिळतो. सूचना न कळल्यामुळे न झालेली हालचाल अशक्तपणा म्हणून नोंदली जाऊ नये. आपण स्वतः दुभाषी झालो की "जोर लाव, अजून थोडा" असे तोंडून निघतेच आणि मोजमाप बिघडते.

नागपूर, पुणे किंवा मुंबईतील नातेवाइकांसाठी कोणी रोबोटिक उपचाराचा खर्च सांगितला तर पैसे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. सुरुवातीला आणि शेवटी कोणते मोजमाप होणार? ते लेखी मिळणार का? आणि यंत्राखेरीज रोजच्या कामांचा सराव किती तास असेल? उत्तरे टाळली जात असतील तर तोच पैसा रोज घरी येणाऱ्या चांगल्या फिजिओथेरपिस्टवर खर्च करावा.

यंत्र खोटी आशा दाखवत नाही आणि खरी सुधारणा नाकारतही नाही, म्हणून त्याचे मोजमाप मोलाचे. त्या आकड्यांतून समजलेला हात रोज कामाला लावणे मात्र आपल्याच घरात घडायचे आहे. आज संध्याकाळी चहा झाला की कप आईंनाच उचलू द्यावा. वेळ लागेल, थोडा चहा सांडेलही. पण तो हात त्या वेळी शिकत असेल.