पोलीस येईपर्यंत उंबरा ओलांडू नका

मे महिन्यात आणि दिवाळीत बंद घरं फुटतात, हे काही नवीन नाही. गावाहून परत यावं तर कोयंडा उचकटलेला, कपाट सताड उघडं, पलंगावर कपड्यांचा ढीग. मग सगळे आत धावतात. कुणी लॉकर चाचपतं, कुणी देवघरातली चांदी बघतं, शेजारच्या काकू चहा टाकतात. पोलीस येईस्तोवर निम्मं घर आवरून झालेलं असतं, कारण चारचौघांसमोर असला पसारा बरा दिसत नाही. आणि पोलिसांना नेमका तो पसाराच हवा असतो.

तेव्हा कोयंडा तुटलेला दिसला की आत जाऊ नका. चोर अजून आतच असू शकतो, हेही एक कारण. बाहेरूनच ११२ लावा आणि जिन्यात गर्दी होऊ देऊ नका. आत कुणी जखमी असेल तर मात्र जीव आधी, पुरावा नंतर. अशा वेळी कुठून गेलात, कशाला हात लागला, काय हलवलं, एवढं ध्यानात ठेवून तपास अधिकाऱ्याला सांगा. अंगणात चिखलात बुटाचा ठसा दिसला आणि पाऊस भरून आला असेल, तर त्यावर एखादं घमेलं पालथं घाला. ठशाला काठ लागता कामा नये.

येणाऱ्या माणसांची कामं वाटलेली असतात, ती माहीत असली की आपली चिडचिड कमी होते. पहिला शिपाई येतो तो जागा राखायला. तो तुम्हाला तुमच्याच घरात जाऊ देत नाही याचा राग मानू नका. फोटो आधी काढतात, कारण वस्तू एकदा उचलली की ती कुठे आणि कशी पडली होती हे पुन्हा दाखवता येत नाही. कुत्र्याला माग हवा असतो, आणि कोयंडा वीस जणांनी हाताळला असेल तर ते बिचारं कुणाचा वास घेणार? कोयंड्याजवळच्या लाकडावर कटावणीचे व्रण असतात. हत्याराच्या धारेला खाच असेल तर तीही त्यात उमटते. टीव्हीवरच्या मालिकांत दार लाथेने उघडलं की टाळ्या पडतात. खऱ्या तपासात ते दारच जपावं लागतं.

ठसेतज्ज्ञ घरच्यांच्याही बोटांचे ठसे मागतो. ‘आमच्यावरच संशय?’ असं म्हणून पुष्कळ जण बिघडतात. अहो, घरच्यांचे ठसे वगळल्याशिवाय परका ठसा सापडणार कसा? ठशांवरून गुन्हेगार शोधणारा जगातला पहिला विभाग १८९७ साली कोलकात्यात सुरू झाला. त्याच सुमारास जलपायगुडीकडच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या कागदपत्रांत एक बंगाली पंचांग होतं आणि त्यावर तपकिरी डागात अंगठ्याचा ठसा उमटला होता. पूर्वी चोरीत शिक्षा झालेल्या त्याच्या एका माजी नोकराच्या जुन्या नोंदीशी तो जुळला. १८९८ मध्ये कोर्टात खुनाचा आरोप टिकला नाही, चोरीचा सिद्ध झाला. कुणी ते पंचांग पुसून फळीवर ठेवलं असतं तर तेवढंही झालं नसतं.

शोध घ्यायचीही रीत असते. मोकळ्या शेतात माणसं एका ओळीत उभी राहून पट्ट्यापट्ट्याने पुढे सरकतात, शंका असेल तर तेच रान पुन्हा आडवं तपासतात. कधी मधल्या जागेपासून वळसे घेत बाहेर जातात. घरात मात्र भाग पाडावे लागतात: ही खोली, ती खोली, बाल्कनी, जिना, गच्ची. एक भाग सुटला तर काय होतं ते नोएडात २००८ साली देशाने पाहिलं. आरुषी तलवार या मुलीचा मृतदेह सापडला त्या सकाळी फ्लॅटमध्ये माणसांची रीघ लागली होती. गच्चीच्या दाराला कुलूप होतं, ते त्या दिवशी उघडलंच गेलं नाही. ज्याच्यावर संशय धरला होता, त्या घरगड्याचा, हेमराजचा मृतदेह दुसऱ्या दिवशी त्याच गच्चीवर मिळाला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आरुषीच्या आई-वडिलांना निर्दोष सोडलं. खून कुणी केला ते आजही सिद्ध झालेलं नाही. माझ्या मते दोष पोलिसांचाच मोठा, पण आत शिरलेल्या गर्दीला त्यातून सूट देता येत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर येऊन पुरावे गोळा करायचे आहेत. ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. राहत्या घरातली चोरी सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची, म्हणजे तीही यात बसते. तज्ज्ञ येणार आहेत का, हे ठाण्यात जरूर विचारा. त्यासाठी ओळख लावावी लागत नाही.

सोसायटीच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. सेक्रेटरींना त्याच दिवशी सांगून ते राखायला लावा. यंत्राचं घड्याळ पुढे-मागे असेल तर किती मिनिटांचा फरक आहे तेही लिहून ठेवा. रक्ताचे किंवा ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, त्यांना बुरशी येते. लैंगिक अत्याचार झाला असेल तर कपडे धुऊ नका, शक्यतो आंघोळीआधीच दवाखाना गाठा.

राहिला पंचनामा. शेजाऱ्याच्या घरी चोरी झाली आणि पोलिसांनी पंच म्हणून बोलावलं की दारं बंद होतात, कोर्टाच्या फेऱ्या नकोत म्हणून. पण कुणीच पुढे आलं नाही तर पंच म्हणून ठाण्याच्या ओळखीतलाच कुणीतरी उभा राहतो, आणि बचावाचा वकील त्याला पहिल्या पाच प्रश्नांत गुंडाळतो. तुम्ही उभे राहा. वस्तू तुमच्यासमोर लाखबंद होऊ द्या, लिहिलेला मजकूर पूर्ण वाचा, न पाहिलेलं काही त्यात आलं असेल तर खोडायला लावा. कोऱ्या कागदावर मात्र सही करू नका, साहेब कितीही घाईत असले तरी.