कोथिंबिरीच्या जुडीला पाऊण तास

लग्न होऊन मी शहागंजमागच्या गल्लीत आले, तेव्हा सासूबाईंची, म्हणजे आमच्या अम्मींची, एक सवय मला काही केल्या कळेना. भाजी शहागंजात मिळते, दारावर हातगाडीही येते. तरी अम्मी सकाळी पिशवी घेऊन सिटी चौक, गुलमंडी ओलांडून थेट औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईत जायच्या. आणायच्या काय, तर कोथिंबिरीची जुडी, पाव किलो मिरच्या, कधी अंबाडी. आणि एका भाजीवालीपाशीच पाऊण तास!

सोबत गेले की मी उभी राहून कंटाळायचे. त्या दोघी बोलायच्या तरी काय? ऊन फार आहे. यंदा मेथी बारीक आली. नातवाचा खोकला गेला का? गुडघ्याला तेल लावता की नाही? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, फक्त खोकल्याच्या जागी दात.

"अम्मी, रोज तेच तेच बोलता तुम्ही," मी एकदा म्हणाले.

"तो क्या हुआ? जेवण पण रोज तेच करतो ना आपण?" अम्मींचं मराठी असंच, मंडईत शिकलेलं, निम्मं दखनी. मला हसू आलं आणि मी तो विषय सोडला.

घरात अब्बांचं मत वेगळं होतं. फिजूल बोलण्यापासून जपावं, असं ते म्हणत आणि त्यात चूक काहीच नव्हतं. बायका जमल्या की गीबत सुरू होते, हा अनुभव आपल्यापैकी कुणाला नाही? (पुरुष जमले की काय होतं, ते चहाच्या हॉटेलात बसून ऐकावं.) पण अम्मींचा एक कायदा होता. जो समोर नाही, त्याचं नाव बोलण्यात येऊ द्यायचं नाही. तिसऱ्याची सून, चौथ्याचं कर्ज वगळलं की उरतं काय? ऊन, पाऊस, भाव, तब्येत. या बोलण्यातून माहिती मिळत नाही, हे खरंच. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी 1923 मध्येच लिहून ठेवलं की असं बोलणं माहितीसाठी नसतंच, ते माणसांना एकमेकांशी बांधून ठेवण्यासाठी असतं. अम्मींनी अर्थातच मालिनोव्स्की वाचलेले नव्हते.

मला ते कळलं 2018 मध्ये.

11 मेच्या रात्री शहरात दंगल पेटली. मोतीकारंजा, राजाबाजार, शहागंज. दुकानं जळाली, जीव गेले. रमजान पाच-सहा दिवसांवर आला होता. आम्ही रात्रभर जागे होतो. पहाटे चारच्या सुमाराला अम्मी एकदम म्हणाल्या, "ती बाई निघाली असंल." त्यांना ठाऊक होतं, कारण रोजच्या गप्पांत ते कधीतरी आलं होतं. ती पहाटे जाधववाडीला माल घ्यायला जाते आणि तिथून रिक्षाने आमच्याच भागातून औरंगपुऱ्याला येते. दावतीच्या वेळी जास्त भाजी सांगायला म्हणून तिने स्वतःचा नंबर अम्मींच्या डायरीत लिहून घेतला होता. अम्मींनी तो लावायला सांगितला.

"बाई, आज निकलू नको घरातून. इकडे आग आहे."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "अम्मा, तुमी बरे हाईत ना?"

काही दिवसांनी वातावरण निवळलं आणि अम्मी मंडईत निघाल्या. मी घाबरत सोबत गेले. काही नजरा बदलल्या होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही. एका ओळखीच्या दुकानदाराने मान दुसरीकडे वळवली. आमच्या भाजीवालीने मिरच्या तोलल्या, वर दोन जास्तीच्या टाकल्या आणि म्हणाली, "ऊन लई झालंय, अम्मा." अम्मी म्हणाल्या, "हां, लई." मग नातू आला, मग गुडघा. त्या रात्रीचा विषय दोघींपैकी एकीनेही काढला नाही. बोलणं जिथे तुटलं होतं, तिथून पुन्हा जोडायला उन्हाइतका सोपा धागा दुसरा नव्हता.

एवढ्याने दंगली थांबतात, असं मात्र मी म्हणणार नाही. 2002 मध्ये आशुतोष वार्ष्णेय या अभ्यासकाचं हिंदू-मुस्लिम दंगलींवरचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं की खेड्यात रोजची ऊठबस पुरते, पण शहरात ती पुरत नाही. तिथे दोन्हीकडची माणसं एकत्र असलेल्या संस्था, संघटना लागतात. आपल्याच राज्यातलं भिवंडीचं उदाहरण त्यात आहे. 1970 आणि 1984 मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या. 1988 मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी तिथे आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुसलमान एका सतरंजीवर, तेही शांततेच्या काळात, नियमित. 1992-93 मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मला वाटतं, अशा बैठकीतही सुरुवातीला कुणीतरी शेजारच्याला "काय म्हणते तब्येत?" असं विचारत असणारच. अनोळखी माणसाशी थेट अफवांवर कोण बोलेल?

आता अम्मींचे गुडघे पार गेले. मुलगी मोबाइलवर भाजी मागवते. पिशवी दारात टांगून मुलगा निघूनही जातो, त्याचं तोंडसुद्धा दिसत नाही. मंडईतही स्कॅनर आले आहेत. पैसे पोहोचले की डबी मोठ्याने आकडा सांगते. पूर्वी तेवढ्या वेळात बाई कनवटीतून सुटे काढायची आणि दोन वाक्यं बोलून व्हायची.

गेल्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा मी औरंगपुऱ्याला जाते. पहिल्या दिवशी काय बोलावं ते सुचेना. भाव विचारला, पैसे पाठवले, डबी बोलली आणि मी वळले. मागून हाक आली, "भाभी, अम्माचा गुडघा कसाय?"

मी पिशवी खाली ठेवली.