न पाहिलेल्या पित्याची खूण

खडकीच्या वॉर सिमेट्रीत दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेहून अधिक राष्ट्रकुल सैनिकांची स्मृती जतन केलेली आहे. ज्याने पित्याचे तोंडही पाहिले नाही असा एखादा विलायती मुलगा उतारवयात तेथे आला, तर त्याला निदान एक शिळा आणि तिच्यावरचे नाव सापडते. त्याच युद्धात आपल्या गावांतून गेलेल्या जवानांच्या अपत्यांना एवढेही लाभत नाही. हिंदू सैनिकांना शक्य तेथे अग्नी दिला गेला; कित्येकांचे देह हाती लागलेच नाहीत. परदेशातील एखाद्या भिंतीवर कोरलेले नाव हीच त्यांची खूण.

इटलीत सांग्रो नदीकाठी अग्निसंस्कार झालेल्या पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले. कसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे आणि माँटोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळही उभारले. ते व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी होते. पदकाविना पडलेल्यांना भिंतीवरील एका ओळीचाच आधार, आणि पहिल्या महायुद्धातील जवानांना तीही नाकारली गेली. कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी उपाशी लढल्या. पण बसराच्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली आणि हिंदी शिपायांची केवळ संख्या. या पक्षपाताबद्दल युद्धस्मृती आयोगाने क्षमा मागितली ती २०२१ मध्ये! तोवर त्या शिपायांची मुलेही काळाआड गेली होती.

दुसऱ्या महायुद्धात पितृछत्र हरपलेली मुले आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठी तीर्थदर्शन योजना जाहीर केली. पित्याच्या नावापुढे एकदा उभे राहणे हे तीर्थ नव्हे काय? प्रवासाचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. आयोगाची नोंदवही आता संगणकावर खुली आहे. परंतु इंग्रजी लिपीत विपर्यस्त झालेले मराठी नाव यवतमाळ जिल्ह्यातील नेरसारख्या गावी बसून वृद्धाने कसे हुडकावे? जुन्या पेन्शनच्या कागदावरील शिपाई क्रमांकावरून हा शोध घेऊन देण्याचे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने अंगावर घ्यावे. नाव कोणत्या फलकावर आहे तेही लिहून द्यावे. एकट्या कसिनोच्या स्मारकावर चार हजारांवर नावे आहेत, आणि शोधणाऱ्याची दृष्टी अधू झालेली असते.